कान, शेपूट आणि उचल

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा भाचा चार वर्षं झाली, कॅनडात यलोनाइफ गावी खाणीच्या कंपनीत हिशेबाचं काम करतो. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यानं शेजाऱ्याची शेड दाखवली. पन्नासेक कातडी फळ्यांवर ताणून वाळत घातलेली. शेजारी रानात सापळे लावून जनावरं धरतो आणि त्यांची केसाळ कातडी विकतो, तोच त्याचा धंदा. भाचा म्हणतो, ‘मामा, याला हंगामाआधी सरकार पैसे देतं आणि कातड्याला भावही बांधून देतं.’ माझा काही विश्वास बसेना. इथं कांदाचाळीत कांदा सडून पाणी झालं तरी कुणी फिरकत नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर कशापायी?
— एक कांदा उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : भाऊ, भाचा थापा मारत नाही. यलोनाइफ ज्या मुलखात येतं त्याला नॉर्थवेस्ट टेरिटरीज म्हणतात. तिथल्या सरकारची ही योजना २००२ पासूनची आहे, नाव ‘जेन्युइन मॅकेन्झी व्हॅली फर्स’. तुम्हाला ती समजावून सांगायला मी ऊसवाल्यांची भाषा उसनी घेते, कारण कांद्याच्या भाषेत या योजनेला शब्दच नाही.

कारखाना ऊस नेतो, पहिली उचल देतो आणि अंतिम भाव मागाहून ठरतो. इथेही तसंच आहे. ट्रॅपर, म्हणजे तो सापळेवाला, कातडं सोलतो, आतली चरबी खरवडतो, फळीवर ताणून वाळवतो आणि जवळच्या सरकारी वन्यजीव कार्यालयात आणून देतो. जनावराची जात पाहून ठरलेली उचल त्याच्या हातात पडते. पुढे ते कातडं सरकारच लिलावाला धाडतं. ऑन्टारियो प्रांतात नॉर्थ बे नावाचं गाव आहे, ते कातड्यांचं लासलगाव समजा. लिलावात उचलीपेक्षा जास्त भाव निघाला तर वरचे पैसे ट्रॅपरला मिळतात, शिवाय चांगल्या मालाचा बोनस. आणि कमी निघाला तर? त्याच्याकडे एक पैसाही परत मागत नाहीत, तोटा सरकार सोसतं.

हंगामाआधीच्या पैशाला ते लोक ‘ग्रबस्टेक’ म्हणतात. सोनं शोधायला निघालेल्या माणसाला कुणीतरी शिधा बांधून द्यायचा आणि सोनं लागलं तर वाटा घ्यायचा, त्या जुन्या व्यवहारातला हा शब्द. आता सरकार वाटा घेत नाही. अट एवढीच की मागच्या हंगामात किमान वीस कातडी आणून दिलेली असावीत. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो आणि ती पुढची दोन वर्षं कुटुंबाच्या मानगुटीवर बसते, तसला हा प्रकार नाही. तो पैसा पेट्रोलला, बर्फावरच्या स्कूटरच्या पट्ट्याला आणि शिध्याला जातो. निफाडला पारा पाच-सहावर आला की आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. तिथे उणे तीस हा नेहमीचा हिवाळा, आणि केस दाट येतात तेही त्याच दिवसांत. म्हणून धंदा नेमका त्या थंडीतच करावा लागतो. बोनस चांगल्या मालालाच ठेवलाय त्यामागेही हेच आहे. अवेळी धरलेल्या जनावराच्या कातडीला केस विरळ असतात, बाजारात ती गोल्टीच्या, म्हणजे बारक्या कांद्याच्या, भावानं जाते.

तुम्ही शेडमध्ये पाहिलीत ती कातडी बहुधा मार्टेनची असावीत. मुंगसापेक्षा थोडं दणकट, लांबुडकं, झुपकेदार शेपटीचं जनावर. आपल्या पाणमांजराच्याच कुळातलं.

आता तुमचा ‘कशापायी’. हा धंदा त्या देशाचा जवळजवळ पाया आहे. हडसन्स बे कंपनीला इंग्लंडच्या राजानं सनद दिली ती १६७० साली, म्हणजे इकडे महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून चार वर्षं होती. युरोपात बीव्हरच्या लोकरीपासून बनवलेल्या टोप्यांचं वेड होतं. बीव्हर म्हणजे पाण्यात बांध घालून राहणारा, मोठ्या घुशीसारखा प्राणी. उत्तरेकडे त्याचं कातडंच चलन झालं होतं. भांडं, घोंगडी, बंदूक, सगळ्याचा भाव ‘इतकी बीव्हर’ असा सांगत. ती साडेतीनशे वर्षांची कंपनी २०२५ मध्ये कर्जात बुडाली आणि तिची दुकानं बंद झाली. टोप्यांची फॅशन तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. पण जंगलातल्या वाड्या-वस्त्या राहिल्या, आणि त्या वस्त्यांवर रोख पैसा आणणारी कामं बोटांवर मोजण्याइतकी. धरलेल्या बीव्हरचं, मस्करॅट नावाच्या पाणउंदराचं मांसही घरी शिजतं. तिथलं सरकार म्हणतं, माणूस रानात टिकला पाहिजे, तर त्याच्या धंद्याला टेकू द्यायला हवा.

इथवर सगळं सरळ आहे. पण मी शेतीकर्ज विभागात एकतीस वर्षं काढली, तेव्हा कुठल्याही अनुदानाकडे बघताना मी एकच गोष्ट आधी शोधते : पैसे कशावर मोजतात? रक्कम किती हे त्यानंतर. हा धडा मला एका शेळीनं शिकवला, तो सांगते.

साल १९८६. मी नवी होते, सुरगाण्याच्या बाजूला नेमणूक. आय.आर.डी.पी., म्हणजे सरकारचा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, जोरात होता. आदिवासी कुटुंबाला शेळ्यांच्या कर्जात निम्मं अनुदान, प्रत्येक शेळीचा विमा आणि विम्याचा पुरावा म्हणून शेळीच्या कानात बिल्ला. शेळी मेली तर दाखला, पंचनामा आणि बिल्ल्यासकट कापलेला कान जमा करायचा. कान नाही तर पैसे नाहीत. कान यायचे मीठ लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाळ्यात माझ्या टेबलाला जो वास लागला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. एकदा एका पाड्यावरून एकाच आठवड्यात अकरा कान आले. मी म्हटलं रोग पडला असेल, बघून यावं. गेले तर पडवीच्या भिंतीवर एक शेळी ऐटीत उभी, एका कानाची. घरातल्या आजीला विचारलं, ही तर मेली ना? आजी शांतपणे म्हणाली, ‘ती मेली. ही तिची बहीण.’

मी हसले आणि परत आले. (वरिष्ठांना काय कळवलं ते अजून सांगणार नाही.) पण तेव्हापासून डोक्यात बसलं, की आपण कान विकत घेत होतो, म्हणून लोक कान आणून देत होते.

हे सगळं यासाठी की अमेरिकेत लुइझियाना राज्यात अगदी असंच एक अनुदान आहे, फक्त कानाऐवजी शेपटीवर. न्यूट्रिया नावाचा, मांजराएवढा, नारिंगी दातांचा पाणउंदीर दक्षिण अमेरिकेतून तिथे आला तो फरच्या, म्हणजे केसाळ कातड्याच्या, धंद्यासाठीच, १९३० च्या दशकात. पिंजऱ्यातून रानात गेला आणि दलदलीत फोफावला. फरला भाव होता तोवर ट्रॅपर त्याला आवरून धरत होते. १९८० च्या दशकात भाव कोसळला, ट्रॅपर घरी बसले आणि न्यूट्रियानं दलदलीतलं गवत मुळापासून खायला घेतलं. मुळं गेली की चिखल धरून ठेवायला काही उरत नाही, जमीन समुद्रात जाते. १९९० च्या दशकाअखेरीस किनारपट्टीवरचं सुमारे एक लाख एकर क्षेत्र त्यानं खराब केल्याचा अंदाज होता. म्हणून २००२ मध्ये सरकारनं प्रत्येक शेपटीमागे चार डॉलर लावले, मग पाच, २०१९ च्या हंगामापासून सहा, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास. उद्दिष्ट वर्षाला चार लाख शेपट्यांचं. शेपटी निदान सात इंच लांब हवी, नाहीतर एकीच्या दोन व्हायच्या. परवाना हवा, जमीनमालकाची परवानगी हवी, कुठल्या भागात धरला ते नकाशावर दाखवायचं, आणि मोजलेली शेपटी केंद्रावरच ठेवून घेतात. सात इंचांची अट वाचली तेव्हा मला आमची आजी आठवली. तिकडेही कुणीतरी माझ्यासारखं पिशव्या उघडत बसलेलं असणार.

शेपटीचा हिशेब तिथे चालतो, कारण सरकारला खरोखरच तो प्राणी नको आहे. यलोनाइफला तसं नाही. तिथे मार्टेन हवा आहे, लिंक्स नावाचं रानमांजर हवं आहे, फक्त त्यातून माणसाचं पोट भरावं एवढीच इच्छा, आणि तरी पैसा मोजतात कातड्यावरच. मला तिथे थोडं खटकतं. कारण भाव बांधून दिला तरी घेणारा गिऱ्हाईक लागतो, आणि गिऱ्हाईक एकेक करून उठून चाललंय. गुची या इटालियन फॅशन कंपनीनं २०१७ मध्ये फर सोडत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियानं नव्या फरची विक्रीच बंद केली, कायदा २०२३ पासून लागू. खुद्द कॅनडाची कॅनडा गूज कंपनी, जिच्या जॅकेटच्या टोपीला कायोटीच्या, म्हणजे लांडग्याच्या कुळातल्या एका प्राण्याच्या, केसांची झालर असायची, तिनंही २०२१ मध्ये जाहीर केलं की पुढच्या वर्षाअखेर फर वापरणं बंद. टोरांटोचं मोठं लिलावघर २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघालं. अशा वेळी हमीभाव देणारं सरकार हळूहळू स्वतःच गिऱ्हाईक होऊन बसतं. नाफेड कांदा घेतं तेव्हा निदान पुढे कुणीतरी तो खाणार असतं.

तुमच्या कांद्याचंही बोलू. २०२३ च्या उन्हाळ्याआधी भाव पडले, तेव्हा आपल्या सरकारनं क्विंटलला ३५० रुपये दिले, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या मालाला, शेतकऱ्यामागे दोनशे क्विंटलपर्यंत. मोजणी कशावर? बाजार समितीच्या विक्रीपट्टीवर आणि सातबाऱ्यावरच्या ई-पीक पाहणीच्या नोंदीवर. म्हणजे ज्यांनी कांदा रस्त्यावर ओतला किंवा शेतातच रोटर फिरवला, त्यांचा कांदा मोजलाच गेला नाही. तुमच्या चाळीत पाणी झालेलाही नाही. तुमचा राग मला तिथे रास्त वाटतो. तुमच्या भाच्याच्या शेजाऱ्यावर तो काढू नका, बिचारा उणे तिसात फिरतो.

आता मला यातली सर्वांत आवडलेली योजना सांगते, ती कातडंही मोजत नाही आणि शेपटीही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जेम्स बे भागात क्री हे आदिवासी लोक राहतात. सरकारनं १९७१ मध्ये त्यांच्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला, त्यांना न विचारता. ते कोर्टात गेले, १९७३ मध्ये काम थांबवण्याचा हुकूम मिळवला, तो आठवडाभरातच वरच्या कोर्टानं उठवला, पण वाटाघाटीला बसावं लागलं. १९७५ च्या नोव्हेंबरात करार झाला आणि त्यात एक कलम आलं : जे क्री कुटुंब वर्षातले बरेच महिने रानात शिकार, मासेमारी, सापळे यांवर काढील त्याला रानातल्या प्रत्येक दिवसाचे पैसे. वर्षाला जास्तीत जास्त २४० दिवस. जोडीदाराचेही दिवस धरतात. त्या दिवशी सापळ्यात काय सापडलं हे कुणी विचारत नाही. म्हणजे बाजार पडला म्हणून माणूस दुप्पट सापळे लावत नाही, आणि जनावरं कमी दिसली तर सापळे उचलून ठेवायला त्याला परवडतं. ही योजना अजून चालू आहे.

गंमत बघा, त्याच दशकात आपण रोजगार हमी आणली, कायदा १९७७ चा. आपण मोजली माती, ब्रासवर. दिवसभर उन्हात खडी फोडून माप कमी भरलं की मजुरी कमी. दोन्ही योजना गरिबासाठीच, पण क्री माणसाला दिवस मोजून मिळाला आणि आपल्या बाईला खड्डा मोजून.

प्रश्न : आमच्या भागात फासेपारधी समाजाची वस्ती आहे. परदेशात सापळे लावणाऱ्याला सरकार पैसे देतं, आणि इथे फास घेऊन सापडला की कोठडी. हा फरक का? इथे असं काही करता येणार नाही का?
— शिक्षक, येवला

उत्तर : सर, फरक कायद्यातून आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अनेक फिरत्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वीस वर्षांत वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७२ चा, आणि परवान्याशिवाय तित्तर-ससा धरून बाजारात विकणं हा गुन्हा ठरला. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही गेले. प्राण्यांसाठी तो कायदा हवाच होता, यात मला शंका नाही. पण ज्याचा धंदा गेला त्यानं उद्यापासून काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. शिकारीचा हक्क राखून ठेवला तो फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा, कलम ६५. तारखा शेजारी ठेवल्या की चरफडायला होतं. आपण शिकारीला कायद्यानं आवर घातला त्यानंतर तीनच वर्षांनी क्री लोकांनी ती हक्क म्हणून करारात लिहून घेतली. अर्थात त्यांच्याकडे वकील होते आणि अडवायला धरण होतं.

इथे कातड्यावर अनुदान मागू नका, ते मिळणार नाही आणि मिळूही नये. दुसरं सुचवते. आपल्या उसात आणि डोंगरकडेला लोक रानडुकरासाठी दुचाकीच्या क्लच वायरचे फास लावतात आणि त्यात बिबट्या कमरेत अडकून मरतो. असा फास ओळखायला फास लावणाऱ्याचाच डोळा लागतो. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवणारे वाटाडे झालेले आहेत. इकडे त्यांना हंगामात फास शोधून काढायच्या गस्तीवर घेता येईल. फक्त पैसे दिवसावर द्यावेत, सापडलेल्या फासांच्या संख्येवर देऊ नयेत. संख्येवर दिलेत तर काय होईल ते वर शेळीनं सांगितलंच आहे. आणि हजेरीपटावर नाव चढण्याआधी जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार यांत सहा महिने जाणार असतील तर आधी शाळेत एक दिवसाचं शिबिर लावा. हे काम तुमच्यासारख्यांनाच जमतं.

प्रश्न : सापळ्यात प्राणी किती तडफडतो याचा कुणी विचार करतं का?
— विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : करतात, सेकंदांत. युरोपीय समुदायानं (आजचा युरोपीय संघ) १९९१ मध्ये पाय जबड्यात धरणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली आणि ते सापळे वापरणाऱ्या देशांची फर घेणार नाही असं बजावलं. त्यातून १९९७ मध्ये युरोप, कॅनडा आणि रशिया यांचा करार झाला. मारणाऱ्या सापळ्याच्या तपासणीत निदान ऐंशी टक्के प्राण्यांची शुद्ध ठरलेल्या वेळात हरपलीच पाहिजे : आरमिन नावाच्या छोट्या मुंगसासारख्या प्राण्याला ४५ सेकंद, मार्टेनला १२०, बाकीच्यांना ३००. कॅनडात सापळे तपासून प्रमाणित करतात, आणि बहुतेक प्रांतांत परवान्याआधी ट्रॅपरला शिकवणीही घ्यावी लागते. अनुदानाचा काही पैसा अशा कामांवरही जातो. ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं. घड्याळ समोर ठेवून एकदा पाच मिनिटं गप्प बसून बघ, मग तुझं मत तूच ठरव. माझं विचारशील तर मला ती फार वाटली.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात आजोबांनी मारलेल्या बिबट्याचं कातडं माळ्यावर आहे. वाडा पाडायचा आहे. एक जण विकत मागतो आहे. काय करावं?
— नाव छापू नये

उत्तर : नाव छापत नाही, आणि तुम्हीही ते कातडं कुणाला दाखवत बसू नका. मागणाऱ्याला आजच नकार द्या. विकणं गुन्हा आहे, तो घेऊन जाणंही गुन्हा. आधी आजोबांच्या कागदांच्या पेटीत मालकीचा दाखला शोधा. १९७२ नंतर असं सामान जाहीर करून दाखला घ्यायचा होता, आणि राहून गेलेल्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची शेवटची संधी होती. दाखला निघाला तर वारसा म्हणून ठेवता येईल, वन विभागाला कळवून. नाही निघाला तर वकील सोबत घेऊन वन विभागात जा. दाखलेवाल्यांनाही नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनं ते सरकारजमा करायची सोय केली आहे, मोबदला मिळत नाही. बुलडोझर येण्याआधी हे उरका. मजुराच्या हाती ते लागलं तर फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या पंचवटीच्या फोनवर असेल.

आणि निफाडच्या भाऊंना जाता जाता : भाचा येताना शेजाऱ्याकडून केसाळ टोपी आणतो म्हणाला असेल तर त्याला आधीच सांगा. लिंक्स, लांडगा, पाणमांजर यांचं काहीही देशाबाहेर न्यायला सायटिसचा, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागू शकतो, आणि मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या फरची आयात आपण २०१७ च्या जानेवारीत बंद केली आहे. शरणपूर रोडला तिबेटी लोक स्वेटर विकतात, तिथली लोकरीची कानटोपी निफाडच्या थंडीला पुरते.